दहा हात जाडीचा कोट

एका गावात एक भजनी मंडळ होतं, आणि ते इतक्या जोरात गायचं की पलीकडच्या गावातल्या म्हशी धारेला नीट उभ्या राहायच्या नाहीत. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. म्हशींना विचारायला आता कोण जातंय!

गाव टेकडीच्या पायथ्याशी आणि केशवराजाचं देऊळ टेकडीवर. देऊळ देखणं होतं, पण त्याला शिखर नव्हतं. पूर्वजांनी गाभारा बांधला, सभामंडप बांधला आणि दगड संपले. पलीकडच्या गावचे लोक मुद्दाम विचारायचे, "काय हो, तुमचा देव टोपी कुठं विसरून आला?" मग इकडच्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हणून त्या गावात एक रीत पडली होती. ज्याचा नवस फळेल त्यानं खाणीतून एक घडीव दगड स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा, टेकडी चढायची आणि देवळाच्या मागं नेऊन ठेवायचा. म्हैस व्याली, दगड. लेकीचं लग्न ठरलं, दगड. सासू दोन महिने धाकट्या लेकाकडं राहायला गेली, तरी दगड! तीन पिढ्यांत तिथं दगडांची एक दुसरी टेकडीच उभी राहिली. आणि त्या दगडांचा एक नियम होता, तो गावातल्या पोरासोरांनाही पाठ होता: नवसाचा दगड देवाचा. त्याचं शिखर व्हावं, नाहीतर देवळाचा कोट व्हावा. पण तो पुन्हा टेकडी उतरून गावात जाऊ नये.

मंडळाचे म्होरके होते भानुबुवा. त्यांनी तर तरुणपणीच शपथ घेतली होती, "शिखर चढेल त्या दिवशीच डोक्याला पागोटं बांधीन." वीस वर्षं झाली, बुवा उन्हातान्हात उघड्या डोक्यानं हिंडत होते. आता मात्र दगड पुरेसे झाले होते. पाडव्याला शिखराचा पहिला दगड बसवायचा, असं ठरलं. बुवांनी पागोट्याचं कापडसुद्धा आणून ठेवलं, गुलाबी!

पण त्याच वर्षी गावात एक निराळीच अडचण उभी राहिली. केशवराजाचा लौकिक वाढला होता. दर एकादशीला लांबलांबून यात्रेकरू येऊ लागले. त्यांना उतरायला जागा हवी. ते दोन रात्रींचे जेवढे मोजत, तेवढं जुना भाडेकरू दोन महिन्यांतही देत नसे. मग काय विचारता! घरमालकांनी एकेक करून जुन्या भाडेकरूंना वाटेला लावायला सुरुवात केली. आधी दिवटीवाला गेला. मग कुंभार गेला. मग चौघडा वाजवणारे दोघे भाऊ गेले. पिढ्यान्‌पिढ्या देवळाची कामं करणारी माणसं, पण गावात त्यांच्या नावावर वीतभर जागा नव्हती.

भजनी मंडळाला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. माणसं वाईट नव्हतीच ती. त्यांनी बैठक घेतली आणि गोरगरिबांना घर मिळावं म्हणून त्यांना जे येत होतं ते करायचं ठरवलं. त्यांना गाता येत होतं. त्यांनी सप्ताह लावला! सात दिवस, सात रात्री, अखंड नाम, रोज महाप्रसाद.

आणि सप्ताह असा रंगला म्हणता! पहिल्या दिवशी पाच गावं लोटली, दुसऱ्या दिवशी बारा. 'केशवराजापाशी घराचा नवस बोलला तर फळतो' अशी कुणीतरी आवई उठवली, मग तर विचारूच नका. तिसऱ्या दिवशी लोक ओट्यांवर झोपले, चौथ्या दिवशी गोठ्यांत. एवढी माणसं उतरवायची कुठं? घरमालकांनी उरलेसुरले भाडेकरूही बाहेर काढले.

पाचव्या दिवशी भजन ऐन रंगात आलं होतं. पखवाजावर कोंडिबा होता. त्याची बोटं फिरू लागली की बहिरी माणसंही मान डोलवत. तेवढ्यात त्याची बायको धापा टाकत टेकडी चढून आली.

"अहो, उठा आधी! मालकानं भांडीकुंडी रस्त्यावर मांडलीत. आपल्या चुलीपुढं आता धा यात्रेकरू बसल्यात."

कोंडिबाचा हात थबकला. पखवाज थांबला. अखंड सप्ताहात पखवाज थांबला! कोंडिबानं देवाकडं पाहिलं, बुवांकडं पाहिलं, पखवाज पोटाशी धरला आणि तो निघून गेला. दुपारी ते कुटुंब चार कोसांवर कोंडिबाच्या बहिणीच्या गावी चालू लागलं होतं.

मंडळानं सप्ताह कसाबसा पुरा केला. पखवाजावर नगरशेठ बसले. शेठ मंडळात होतेच, आणि बाजारपेठेतल्या निम्म्या खोल्याही त्यांच्याच होत्या. त्यांनी असा काही ठेका धरला की गाणारे एकीकडं आणि ताल दुसरीकडं. सप्ताह संपला तेव्हा गावात आधी होती त्यापेक्षा जास्त माणसं बेघर झाली होती. घर मिळावं म्हणून गायला बसले आणि गाऊन गाऊन घरं घालवली! इतकं भक्तिभावानं केलेलं इतकं मोठं चुकीचं काम मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

आठव्या दिवशी सभामंडपात सगळे तोंडं पाडून बसले होते. तिथं मैनाक्का आली. मैनाक्का म्हणजे देवाची फुलारीण. नवरा जाऊन तीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. रोज पहाटे ती केशवराजासाठी माळ घेऊन यायची. राहायची शेठच्याच एका खोलीत. तिनं परडी खाली ठेवली.

"बुवा, सांगायला आले. पाडव्यापर्यंत माळ आणीन. पुढचं बघा तुम्ही."

"का हो अक्का?"

"शेठनं पाडव्याला खोली रिकामी करायला सांगितलीय. मी म्हातारी, मला दुसरी मिळायची नाही."

शेठ खांबाकडं बघू लागले. मंडळात मात्र एकच गलका उडाला. "अरे देवा, मग माळ कोण करणार?" "पाडव्याला तर शिखराचं काम, तेव्हा माळ हवीच!" "शेजारच्या गावची फुलारीण येईल का हो?" भानुबुवाही म्हणाले, "अक्का, माळेचं काहीतरी करून जा हो."

मैनाक्का शांत बाई होती. तीस वर्षांत तिचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"माळेचं काय घेऊन बसलात! मी कुठं राहू, ते विचाराल का कुणी?"

बुवांचा चेहरा उतरला. अक्काला त्यांनी हजारदा पाहिलं होतं, तिच्या माळा तर डोळे मिटून ओळखल्या असत्या. पण ती कुठं निजते, काय खाते, हे कधी विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. भर सभेत वाटली आणि त्यांनी ती लपवली नाही.

"चुकलो, अक्का," ते म्हणाले. मग वळून मंडळाला म्हणाले, "मागं दगड पडलेत. देवळाची इनाम जमीन चारी बाजूंनी पडून आहे, नुसती निवडुंगं वाढलीत तिथं. आपण या बेघर माणसांना घरं बांधून देऊ."

"आणि शिखर?" चौघं एकदम ओरडले.

"दगड एकाच कामाला पुरतील. एक तर शिखर, नाहीतर घरं."

मग जी जुंपली! कुणी म्हणालं, तीन पिढ्या वाट पाहिली ती काय चुली मांडायला? कुणी म्हणालं, पलीकडचं गाव हसेल. एकानं तर विचारलं, "बुवा, आणि तुमचं पागोटं?"

"उघड्या डोक्यानं माणूस मरत नाही," बुवा म्हणाले. "वीस वर्षं बघताय मला. उघड्यावर संसार मांडला तर मरतो."

आता शेठ उठले. त्यांचा आवाज मऊ होता. "बुवा, तुमचं मन मोठं आहे. पण नियम आहे. नवसाचा दगड घराला लागत नाही. शिखराला लागतो, नाहीतर कोटाला. वाडवडिलांचा शब्द मोडायचा का?"

बुवा खाली बसले. मैनाक्कानं परडी उचलली आणि ती निघाली.

"थांबा की जरा!"

हा आवाज दारातून आला. तिथं म्हातारा गवंडी बसायचा. भजनाला तो नेमानं यायचा आणि पहिल्या अभंगालाच पेंगायचा. आज तो टक्क जागा होता.

"कोटाला चालतो म्हणता ना दगड?"

"चालतो," शेठ म्हणाले.

"मग कोट बांधू. देवळाच्या जमिनीच्या हद्दीवर, चारी बाजूंनी." त्यानं भुईवर काडीनं चौकोन ओढला. "आता मला एवढंच सांगा, कोट किती जाड असावा, असं काही वाडवडील सांगून गेलेत का?"

कुणालाच काही आठवेना.

"मग मी म्हणतो, दहा हात जाड करू! पण दहा हात भरीव भिंत कशाला, दगड वाया जातील. आतून पोकळ ठेवू. पोकळी मोकळी राहून ढासळायला नको, म्हणून मधे मधे आडव्या भिंती घालू. आत वारा खेळायला हवा, म्हणून खिडक्या ठेवू. आणि कोटाची देखभाल करायला माणूस आत शिरायला हवा, म्हणून दारं."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कळलं! आधी एक पोरगी खुदकन हसली, मग बुवा हसले, मग सगळा मंडप खदखदला. बुवांनी गवंड्याला उचलून मिठीच मारली. "बेघर झालेली बिऱ्हाडं एकवीस, तर दारं एकवीस!" कुणीतरी ओरडलं. "एकवीस दारं, एकवीस चुली!" आणि केशवराजाचा गजर असा उठला की पलीकडच्या म्हशींचं त्या दिवशी काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून कामाला तोंड फुटलं. काय ते दिवस होते, वा! पहाटेची काकड आरती झाली की टाळ खाली ठेवायचे आणि घमेली उचलायची. माणसांच्या रांगा लागत. एका हातातून दुसऱ्या हातात दगड जाई, आणि प्रत्येक दगडामागं कुणाची तरी आठवण निघे. "हा माझ्या आजीचा, माझे वडील तापातून उठले तेव्हाचा." "अगं, हा तर तुझ्या लग्नाचा!" शेठाणी बायकांना घेऊन आली. पदर खोचून तिनं चुना मळायची घाणी सुरू केली. काम करता करता ओव्या चालत, आणि ओव्या थांबल्या की पुरुषांचा अभंग सुरू होई. चार कोसांवर कोंडिबाला बातमी लागली. तो पखवाज घेऊन धावतच आला आणि दगडांच्या ढिगावर बसून त्यानं असा ठेका धरला की माणसं ओझं घेऊन चालायची ती नाचायलाच लागली. दिवटीवाला परतला, कुंभार परतला आणि त्यानं कौलांची भट्टी लावली.

एक दिवस नूरभाई पिंजारी कामाशी येऊन उभा राहिला. देवाच्या शेजघरातल्या गाद्या तोच पिंजायचा. त्याचीही खोली गेली होती. तो संकोचानं म्हणाला, "बुवा, मी दगड उचलायला आलो. घराचं मागत नाही. मी काय तुमच्या भजनाला येत नाही."

"आमच्यातले निम्मे भजनाला येऊनही गात नाहीत," बुवा म्हणाले. "त्या गवंड्याला विचार, तो तर घोरतो. नूरभाई, घर देताना आम्ही गळा तपासत नाही. डोक्यावर छप्पर आहे का, तेवढंच बघतो. पाचवी खोली तुझी."

आणि तिथंच, दगडांच्या राशीपाशी, मंडळानं आपला ठराव केला. कोटातली खोली कुणाच्या मालकीची नाही, ती कुणी विकायची नाही, चढ्या भाड्यानं द्यायची नाही. राहणाऱ्यानं झेपेल तेवढं थोडं भाडं द्यायचं आणि पावसाआधी सगळ्यांनी मिळून कौलं चाळायची. ज्याची गरज सरेल त्यानं आनंदानं पुढच्या गरजवंताला जागा द्यायची. बाकी कुणी कुणाला उठवायचं नाही.

भिंती उभ्या राहिल्या. पाडवा बारा दिवसांवर आला आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं. छपराला लाकूडच नव्हतं! दगड होते, चुना होता, कौलं भाजून तयार होती, पण वासे नाहीत, तुळया नाहीत. खालच्या रानात होती ती बाभळ वाकडीतिकडी. बारा दिवसांनी मैनाक्काला खोली सोडायची होती आणि तिच्या नव्या घरावर नुसतं आभाळ होतं.

इकडं नगरशेठ घरात एकटेच होते. कामाच्या पहिल्या दिवसापासून ते टेकडीवर फिरकले नव्हते. शेठाणी रोज टेकडीवर, स्वयंपाकीणबाई टेकडीवर, गडीसुद्धा टेकडीवर. शेवटी शेवटी तर चूलही थंड! दोन दिवस शेठनी पोह्यांवर काढले, तिसऱ्या दिवशी पोहेही संपले. शेवटी बायकोला चार शब्द सुनावावेत म्हणून ते तणतणत टेकडी चढले. वर पोचतात न पोचतात तोच कुणीतरी न बघता त्यांच्या हातात चुन्याची पाटी दिली. "चला, चला, उभं राहू नका!" शेठ गोंधळून चालायला लागले.

पाटी घेऊन ते वळले तर समोर मैनाक्का बसलेली. हात चुन्यानं पांढरे झालेले. तिनं शेठकडं पाहिलं. ओठ सुकलेले, पोट खपाटीला गेलेलं.

"जेवला नाहीत वाटतं?" ती म्हणाली, आणि तिनं आपलं फडकं सोडलं. भाकरी, ठेचा, कांदा. अर्धी भाकरी मोडून तिनं त्यांच्या हातावर ठेवली. "बसा. उपाशीपोटी ओझं उचलू नये."

शेठ बसले. खाल्लं. ज्या बाईला ते घराबाहेर काढायला निघाले होते, तिच्याच दुपारच्या भाकरीतला अर्धा वाटा त्यांच्या हातात होता. त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "अक्का, भिंती तर झाल्या, छपराचं काम का थांबलंय?"

"लाकूड नाही."

शेठ ताडकन उठले. "माझ्याकडं आहे! साग आहे! खोल्यांवर दुसरा मजला चढवायला आणलाय, तीन वखारी भरून. अरे, गाड्या जुंपा रे! बघता काय माझ्या तोंडाकडं, गाड्या जुंपा!"

त्या दिवशी टेकडीवर सागाच्या गाड्या चढल्या, त्यांच्यापुढं कोंडिबाचा पखवाज आणि मागं सगळं गाव. शेठ स्वतः चाकाला खांदा देत होते. शेठाणी वरून बघत होती आणि पदर डोळ्यांना लावत होती. अकरा दिवस कुणी धड झोपलं नाही, आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी कुंभारानं शेवटचं कौल बसवलं आणि छपरावरूनच आरोळी ठोकली.

पाडव्याला सकाळी देवळाभोवतीच्या कोटावर एकवीस गुढ्या उभ्या होत्या! एकवीस नव्या चुलींवर दूध ठेवलं होतं. मंडळातली माणसं पोरांसारखी या दारातून त्या दारात पळत होती. "इकडं उतू गेलं!" "अहो, नूरभाईकडं बघा, भरभरून उतू गेलं!" बुवांच्या पायाला भिंगरी लागली होती. गुलाबी कापड त्यांनी केव्हाच फाडून एकवीस गुढ्यांना बांधून टाकलं होतं.

सगळी दारं फिरून ते शेवटी मैनाक्काच्या दारात आले. आत दूध निवत होतं. अक्का खोलीच्या मधोमध उभी होती, हातात एक लाकडी खुंटी आणि परडी. ती भिंतीकडं बघत होती, पण पुढं जात नव्हती.

"काय झालं अक्का? काही कमी आहे का?"

"नाही हो. कमी कशाचं?" ती घुटमळली. "एक विचारायचं होतं. परडी टांगायला ही खुंटी... भिंतीत ठोकली तर चालेल का? चाळीस वर्षांत सात खोल्या बदलल्या मी. एकाही मालकानं भिंतीला खिळा मारू दिला नाही."

बुवांनी उंबऱ्याबाहेर पडलेला एक दगड उचलला आणि दोन्ही हातांनी अक्काच्या हातात दिला.

"ठोका अक्का. हवी तिथं ठोका."

तिनं खुंटी दोन दगडांच्या सांध्यावर धरली आणि घाव घातला. पहिला हळूच, दुसरा जरा जोरात, आणि तिसरा असा की शेजारच्या खोलीत ऐकू गेला. शेजारी नूरभाईनं तो ऐकला. त्यानं क्षणभर विचार केला, आपली खुंटी शोधली आणि ठोकायला लागला. मग कोंडिबाच्या घरातून ठोके आले, मग कुंभाराच्या, मग दिवटीवाल्याच्या. एका दारातून दुसऱ्या दारात करत तो आवाज अख्ख्या कोटाभर फिरला. सभामंडपात मंडळी आरतीला उभी होती. कुणी टाळ वाजवला नाही, कुणी तोंड उघडलं नाही. एकवीस घरांत खुंट्या ठोकल्या जात होत्या आणि सगळे डोळे पुसत ऐकत होते.

तात्पर्य: देवाच्या नावानं जमलेल्यांनी आधी बघावं की आपल्यातला कोण उद्या गावात नसणार; कारण शेजारी टिकला तरच देऊळ टिकतं.